होमिंगसाठी एम१२ प्रॉक्सी: उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतर

आमच्या शेडमध्ये ॲल्युमिनियमच्या प्लेटा कापायला स्टेपर मोटरवर चालणारा राउटर आहे. त्याचे लिव्हरवाले मायक्रोस्विच काढून उन्हाळ्याच्या तोंडी तिन्ही ॲक्सिसना एम१२ (१२ मिमी व्यासाचे) इंडक्टिव्ह प्रॉक्सी, म्हणजे धातू जवळ आला की न शिवता ओळखणारे सेन्सर, बसवले. होमिंगला, म्हणजे मशीनने प्रत्येक ॲक्सिसची सुरुवातीची जागा शोधायला, ते लागतात. आता पावसाळाही सरला. मी समाधानी आहे, पण सेन्सर घेताना लोक जे बघतात आणि होमिंगला जे कामाला येतं, त्यात बराच फरक आहे. म्हणून सविस्तर लिहितोय.

दुकानात पहिला प्रश्न ठरलेला: "किती मिलिमीटरवर पकडतो?" जास्त लांबून पकडणारा तो चांगला, असा सरसकट समज आहे. होमिंगला हे उलटं पडतं. हिस्टेरेसिस (पकडण्याच्या आणि सोडण्याच्या जागेतला फरक) आणि तापमानामुळे होणारी सरक या दोन्ही गोष्टी सेन्सिंग अंतराच्या टक्केवारीत येतात. आयईसी ६०९४७-५-२ या मानकात तापमानाच्या सरकेला १० टक्क्यांपर्यंत मुभा आहे. ८ मिमीच्या सेन्सरला ती ०.८ मिमी होते, २ मिमीच्या सेन्सरला ०.२. मी फ्लश बसणारा, म्हणजे तोंड ब्रॅकेटच्या पातळीत राहणारा, २ मिमीचाच घेतला. फ्लश यासाठी, की नॉन-फ्लश सेन्सरच्या तोंडाभोवती धातू नको असतो आणि आमचा ब्रॅकेट सगळा ॲल्युमिनियमचा.

छापलेलं अंतर माइल्ड स्टीलच्या पत्तीसाठी असतं, हेही बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. ॲल्युमिनियमसमोर ते जेमतेम तिसऱ्या हिश्श्यावर येतं. त्यामुळे गॅन्ट्रीच्या (स्पिंडल वाहणाऱ्या सरकत्या चौकटीच्या) प्लेटलाच टार्गेट न करता मी माइल्ड स्टीलचा (एम.एस.) जाड चौकोनी तुकडा स्क्रूने लावला, बाजू १२ मिमी, म्हणजे सेन्सरच्या व्यासाएवढी. फटीत फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून १ मिमी ठेवली. खात्रीने पकडण्याची हद्द छापलेल्या अंतराच्या ०.८१ पट, म्हणजे साधारण १.६ मिमी, तेव्हा हाताशी थोडी जागा राहते. पत्ती तोंडासमोरून आडवी जाते. ॲक्सिस पुढे सरकलाच तर सेन्सर चिरडत नाही. रेलमध्ये प्ले (ढिलेपणा) असेल तर मात्र फट बदलते आणि होमही सरकतं, म्हणून आधी रेल तपासा.

बसवल्यावर ०.०१ मिमीचा डायल लावून एक्सचं होमिंग पुन्हा पुन्हा करून पाहिलं. काटा एका घराच्या आतच थांबत होता. सकाळी गार मशीनवर घेतलेलं होम आणि दुपारी स्पिंडल तापल्यावरचं होम यांत दोन-तीन घरांचा फरक दिसतो. त्यातला काही भाग बॉलस्क्रूच्या प्रसरणाचा असणार, सगळा दोष सेन्सरवर घालणं बरोबर नाही. आमच्या कामाला एवढं चालतं. ज्यांना याहून बारीक हवं, त्यांनी सर्व्होच्या एन्कोडरचा इंडेक्स पल्स (दर फेऱ्याला एकदा येणारा सिग्नल) वापरावा आणि प्रॉक्सीला फक्त जवळपास नेण्याचं काम द्यावं.

वेगाचं गणित सोपं आहे. मिनिटाला ३००० मिमी वेगात १ मिलिसेकंदाचा उशीर म्हणजे ०.०५ मिमी. तोच उशीर १०० मिमी वेगात ०.००२ मिमीच्याही आत. जीआरबीएल या कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिली धाव $२५ या सेटिंगने आणि दुसरी हळू धाव $२४ ने ठरते. दुसरी धाव हळूच ठेवा. महागड्या सेन्सरपेक्षा याने जास्त फरक पडतो, असं माझं ठाम मत आहे.

वायरिंगला पीएनपी (आउटपुटला प्लस देणारा), एनसी (धातू नसताना चालू, धातू आला की बंद), २४ व्होल्ट. वायर तुटली तर कंट्रोलरला होम लागल्यासारखं दिसतं आणि मशीन थांबतं. एनओ (याच्या उलट, धातू आल्यावर चालू होणारा) असता तर गॅन्ट्री टोकाला जाऊन आदळली असती. ५ व्होल्टच्या बोर्डाला मात्र मधे ऑप्टोकपलर (दोन सर्किट प्रकाशाने जोडणारा भाग) हवाच. आणि माल तपासून घ्या. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून आलेल्या खोक्यावर पीएनपी छापलेलं होतं, आत एनपीएन (आउटपुट शून्याला जोडणारे) निघाले. तपासायला ब्राउनला २४ व्होल्ट, ब्लूला शून्य, ब्लॅक आणि ब्लूमध्ये २.२ किलोओहमचा रेझिस्टर आणि त्यावर मीटर. समोर धातू नसताना पीएनपी एनसी जवळपास २४ दाखवतो, लोखंड आणलं की शून्य.

त्रास झाला तो चिप्सचा. एम.एस. ड्रिल करताना निघालेली लांब वळणदार चिप वायच्या सेन्सरच्या तोंडाशी अडकली आणि होम अलीकडेच लागलं. आता वरून पत्र्याची टोपी आहे. कूलंटने आजवर काही बिघडलं नाही. केबलमध्ये मात्र पुढच्या खेपेला एम१२ कनेक्टरवालाच घेईन. ड्रॅग चेनमध्ये (केबल वाहणाऱ्या सरकत्या साखळीत) केबल आधी थकते, आणि कायमची जोडलेली असली की चांगला सेन्सरही तिच्यासोबत काढून टाकावा लागतो.