७,२०० रुपये घेऊन माझाच अलार्म मला विकला

सोलापुरात गाडीला अलार्म, सेंट्रल लॉकचा रिमोट असलं काही बसवायचं डोक्यात असेल तर आधी हे वाचा. दुकानाचं नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. पण या धंद्यातली नेहमीची लबाडी, म्हणजे जुनी बॅटरी घालणं किंवा डब्यावर दुसरं स्टिकर मारणं, त्याच्याही पुढची ही गोष्ट आहे.

माझी गाडी जुनी, बेस मॉडेल. जुळे सोलापुरात बिल्डिंगला पार्किंग नाही, गाडी रात्रभर रस्त्यावर. म्हणून ऑनलाइन २,१९० रुपयांचा किट मागवला: मेन युनिट, सायरन, शॉक सेन्सर, दोन रिमोट. मी काही अगदीच अडाणी नाही ओ, घरचा इन्व्हर्टर मीच जोडलाय. आकृती बघून प्रत्येक वायरीला कागदी टेप गुंडाळली आणि मुलीकडून त्यावर नावं लिहून घेतली, "कायम १२", "चावी", "अर्थ", "इंडिकेटर डावा". तिचं अक्षर बरं आहे. पण डॅशबोर्डखालचं पॅनल खोललं आणि तो गुंता बघून धीर सुटला. मेहुणा म्हणाला, दाजी, शे-पाचशेसाठी गाडी जाळून घ्याल, माणसाकडून करून घ्या.

घेतलं करून.

दुकानदाराने माझा किट उलटापालटा करून बघितला आणि बाजूला सारला. "मालक, हा चायना माल. पोरानं पिवळ्या कपलरला हात लावला तर एअरबॅग फुटंल, जबाबदारी कोणाची?" पिवळा कपलर, म्हणजे वायरी जोडायचा प्लग, एअरबॅगचा असतो आणि त्याला हात लावायचा नसतो, हे खरंच आहे. म्हणून तर गिळलं मी. निम्मं खरं बोलणारा माणूस लवकर पटतो. मग त्याचा "ओरिजिनल" पीस ६,५०० चा, फिटिंगचे १,२००, आणि माझ्या किटचे "तुमचं नुकसान नको म्हणून" ५०० वजा. झाले ७,२००. वर गाजर असं की एआरएआय, म्हणजे गाड्यांची उपकरणं तपासून मान्यता देणारी संस्था, तिचं सर्टिफिकेट देतो, इन्शुरन्स दोन हजारांनी उतरंल. मान्यताप्राप्त उपकरणाला ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या हप्त्यात अडीच टक्के सूट मिळते आणि तीही जास्तीत जास्त ५०० रुपये, हे मला नंतर कळलं. सर्टिफिकेट तर आजतागायत आलेलं नाही.

आता ज्या क्षणाने माझी झोप उडवली तो सांगतो. मी बाकड्यावर चहा घेत बसलो होतो. पोरगं डॅशखाली उताणं घुसलेलं, फक्त पाय बाहेर. आतनं ते ओरडलं, "अण्णा, ही कागदं काढू का राहू दे?" दुकानदार फाडकन म्हणाला, "गप काम कर रे." आणि माझ्याकडे बघून हसला. मला वाटलं कंपनीची स्टिकरं असतील. मी पण हसलो. हसलो! नव्या पीसचं खोकं त्याआधी त्याने माझ्या हातात दिलं होतं, "बघा, पॅकिंग आहे का नाही." आता आठवतं, हलकं होतं. पण भर उन्हात, समोर चहा ठेवलेला असताना खोकी वजन करून कोण बघतं? तुम्ही बघितलं असतं?

पैसे यूपीआयने, दुकानाच्या नव्हे तर भलत्याच माणसाच्या नावावर गेले. बिल मागितलं तर "पक्कं पाहिजे असंल तर १८ टक्के वर पडतील मालक." मग व्हिजिटिंग कार्डामागे रक्कम खरडून दिली.

पुढे अक्कलकोट रोडवर, एमआयडीसी ओलांडल्यावर गाडी धावता धावता बंद. मागे ट्रक. घरची मंडळी आत. टोइंगचे ९०० दिले. दुसऱ्या इलेक्ट्रिशियनने पॅनल खाली घेतलं, टॉर्च मारला आणि मला म्हणाला, "काका, हे अक्षर कुणाचं?" वायरींवर माझ्या मुलीच्या अक्षरात "कायम १२", "चावी". युनिट माझंच, वर नवं स्टिकर, रिमोटला नवं कवच. इग्निशनची (चावीची) वायर कापून रिलेतून, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचमधून, फिरवली होती आणि जोड नुसता पीळ देऊन टेप मारलेला. तो गरम होऊन सुटला. थेट बॅटरीवरून येणाऱ्या "कायम १२" च्या वायरीला फ्यूजसुद्धा नाही. सगळं नीट करायला त्याने १,६०० घेतले. एकूण हिशोब ११,८९०, २,१९० च्या वस्तूसाठी.

दुकानदार म्हणतो, तुमचा किट तुम्हीच परत नेला. पोलीस ठाण्यात साहेबांनी कागदी टेप बघितली आणि विचारलं, "हा पुरावा?" मग म्हणाले पक्कं बिल आणा. दुसऱ्या दिवशी दुसरे साहेब म्हणाले ही दिवाणी बाब आहे, ग्राहक मंचात जा. तिसऱ्या खेपेला पहिल्या साहेबांची बदली झालेली आणि अर्ज सापडेना. पोच घ्या, प्रत्येक अर्जाची शिक्क्यानिशी पोच घ्या, तोंडी "ठेवून जा" वर उठू नका. ज्याने पैसे घेतले त्याचं नाव यूपीआयवर लख्ख दिसतंय, तो दुकानात गल्ल्यावर बसलेला आहे, आणि यांना "व्यक्ती निष्पन्न" करायची आहे!

स्वतः बसवणार असाल तर मल्टीमीटर घ्या, टेस्ट लॅम्पने नव्या गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्सची वाट लागू शकते. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. आणि अलार्म बसवल्यावर गाडी बंद ठेवून करंट मोजा, साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत हवा, नाहीतर गाडी उभी असताना बॅटरी बसते. दुकानात देणार असाल तर बाकडं सोडून गाडीजवळ उभं राहा, पोरगं कितीही वैतागू दे. युनिटच्या सीरियल नंबरचा फोटो फिटिंगआधी काढा, मी फक्त खोक्याचा काढला होता. वॉरंटीतली गाडी असेल तर वायर कापूच देऊ नका, कपलरला कपलर मिळतो.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही आणि दोन वर्षांची मुदत आहे, त्यामुळे मी थांबणार नाही. दुकानदाराला स्पीड पोस्टाने नोटीस गेली आहे. सोलापुरात कुणी असाच अलार्म बसवून घेतला असेल तर स्टिअरिंगखालचं पॅनल एकदा काढून बघा, आणि पक्कं बिल हातात असेल तर मला दाखवा. मला त्या दुकानाचा जीएसटी नंबर पाहिजे.