सीएच३४१ए प्रोग्रॅमर: शिकायला झकास, पण डेटा लाइनवरचे ५ व्होल्ट आधी आवरा

हार्डवेअर सिक्युरिटीच्या कामात सुरुवात बहुतेक वेळा एकाच गोष्टीने होते: राउटर किंवा आयपी कॅमेरा उघडायचा आणि आतल्या आठ पिनांच्या फ्लॅश चिपमधलं फर्मवेअर, म्हणजे उपकरण चालवणारं सॉफ्टवेअर, काढून घ्यायचं. त्यासाठी शिकाऊ मंडळी सर्रास घेतात तो हा काळ्या बोर्डचा सीएच३४१ए यूएसबी प्रोग्रॅमर, म्हणजे चिप वाचायचं-लिहायचं साधन. किटमध्ये सहसा एसओआयसी-८ क्लिप (बोर्डवरच्या आठ पिनांच्या चिपला वरून पकडणारा चिमटा) आणि १.८ व्होल्टचा अडॅप्टरही येतो. शिकायला घ्या, पैसे वाया जाणार नाहीत. मात्र ग्राहकाच्या उपकरणाला तो जसाच्या तसा लावू नका.

कारण व्होल्टेज. सॉकेटच्या व्हीसीसी, म्हणजे वीजपुरवठ्याच्या, पिनवर ३.३ व्होल्ट बरोबर मिळतात, पण प्रोग्रॅमरची सीएच३४१ए ही मूळ चिप या बोर्डवर ५ व्होल्टवर चालते, म्हणून सीएस (चिप निवडणारी), क्लॉक आणि डेटा इन या लाइनींवर ५ व्होल्टच्या आसपास येतात. विनबाँडच्या डब्ल्यू२५क्यू१२८एफव्हीसारख्या चिपच्या डेटाशीटनुसार कोणत्याही पिनवर पुरवठ्यापेक्षा ०.४ व्होल्टच जास्त चालतात, म्हणजे इथे ३.७. बऱ्याच चिप हे सोसतात, त्यामुळे ‘माझं तर चाललं’ म्हणणारे भरपूर भेटतील. पण त्या लाइनींवर फ्लॅश एकटी नसते, मुख्य प्रोसेसरही असतो, आणि तो सोसेलच असं नाही.

दुरुस्ती अवघड नाही. सीएच३४१ए चिपची २८ नंबरची पिन तापवून हलकेच पॅडवरून उचलायची, ती आणि ९ नंबरची पिन बारीक तारेने एएमएस१११७ रेग्युलेटरच्या ३.३ व्होल्ट आउटपुटला जोडायची. मग मल्टिमीटरने सॉकेटच्या प्रत्येक पिनवर बघायचं: ३.३ च्या वर काही दिसता कामा नये. व्होल्टेज निवडायची सोय असलेली बोर्डंही मिळतात. सोल्डरिंगचा हात बसलेला नसेल तर तीच घ्या.

किटमधली क्लिप मात्र सुमारच. दात लवकर सैल होतात. चिपवर संरक्षक कोटिंग किंवा फ्लक्स असेल तर आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पिना पुसा. रिबनची लाल तार चिपवरच्या ठिपक्याकडे, म्हणजे पिन १ कडे. उलटी लावलीत तर व्हीसीसी आणि ग्राउंडची अदलाबदल होते आणि चिप काही क्षणांत चटका बसेल इतकी तापते. पोमोना ५२५० क्लिप वेगळी घेणं परवडतं.

उपकरणाचा अडॅप्टर काढूनच क्लिप लावायची. लावताच राउटरचे दिवे लागले, तर समजायचं की प्रोग्रॅमर अख्ख्या बोर्डाला वीज पुरवतोय आणि प्रोसेसर जागा होऊन त्याच लाइनींवर फ्लॅशशी बोलतोय. ‘चिप सापडली नाही’ हा संदेश किंवा दर वेळी वेगळा डंप (चिपमधून वाचलेली फाइल) येण्यामागे बहुधा हेच असतं. प्रोसेसरची रीसेट लाइन ग्राउंडला धरून पाहा. नाही जमलं तर हॉट एअरने चिप उतरवून सॉकेटमध्ये वाचा. सॉकेटमध्ये २५ लिहिलेली बाजू एसपीआयची, म्हणजे या फ्लॅश चिप ज्या पद्धतीने बोलतात तिची; २४ वाली आय-स्क्वेअर-सी या दुसऱ्या पद्धतीच्या चिपांची.

वाचायला फ्लॅशरॉम हे सॉफ्टवेअर पुरतं. किमान दोनदा वाचून दोन्ही फाइलींचा एसएचए-२५६ हॅश (फाइलीचा ठसा) जुळवा. तेवढ्यावर खूश होऊ नका: संपर्क नीट नसेल तर दोन्ही फाइलींत नुसते एफएफ (रिकाम्या बाइटचं मूल्य) भरलेले असू शकतात आणि हॅश छान जुळतो! १२८ मेगाबिटच्या चिपची फाइल १,६७,७७,२१६ बाइटचीच हवी, चिपचा आयडी छापील नंबराशी जुळायला हवा, आणि बिनवॉक या फर्मवेअर तपासणाऱ्या साधनाला आत बूटलोडर (उपकरण सुरू करणारा प्रोग्रॅम), स्क्वॉशएफएस (दाबून ठेवलेली फाइल सिस्टिम) असं काहीतरी ओळखू यायला हवं. लिहिण्याआधी मूळ डंप दोन ठिकाणी ठेवा. वायफायचं कॅलिब्रेशन आणि मॅक पत्ता त्या एका उपकरणापुरतेच असतात. दुसऱ्या नगाचा डंप घालून ते परत येत नाहीत.

नोकरीत या वस्तूचा उपयोग इथपर्यंतच. पगार मिळतो तो डंपमध्ये काय सापडलं आणि ते कसं मांडलं याचा: सर्व नगांत तोच रूट पासवर्ड निघाला, तर ईटीएसआय ईएन ३०३ ६४५ या इंटरनेटला जोडलेल्या घरगुती उपकरणांच्या सुरक्षेच्या युरोपीय मानकाच्या ५.१ कलमाचा (सगळ्या नगांना एकच पासवर्ड नको) भंग म्हणून नोंदवता येतो. अहवालात चिपचा नंबर, फोटो, डंपचा हॅश आणि वाचनाची पद्धत हवीच. लेखी परवानगीत उपकरण उघडणं आणि चिप उतरवणं स्पष्ट नमूद करून घ्या, आणि तीन नग मागा. एक बिघडणार हे धरूनच चाला.

ईएमएमसी (मोठी साठवण चिप) किंवा जेटॅगसाठी (प्रोसेसरच्या डीबगिंगचं पोर्ट) हा प्रोग्रॅमर कामाचा नाही. सीरिअल कन्सोलची, म्हणजे उपकरणाशी मजकुरातून बोलायच्या पोर्टची, सोय जंपर बदलून मिळते, पण दुरुस्ती न केलेल्या बोर्डवर ती वापरू नका, ३.३ व्होल्टचा वेगळा यूएसबी-टीटीएल अडॅप्टर ठेवा. रास्पबेरी पाय हा छोटा संगणक पडून असेल तर त्याच्या एसपीआय पिना मुळातच ३.३ व्होल्टच्या आहेत आणि फ्लॅशरॉम त्यावरही चालतं, मग हा नाही घेतला तरी चालेल.