नव्या रंगाखालचा झिजलेला लेथ आणि माझे ३,४४,८०० रुपये

बंदूक-दुरुस्तीच्या परवान्यावरील कामासाठी जुना, वापरलेला लेथ (धातू कातण्याचे यंत्र) घेताना माझी एकूण ३,४४,८०० रुपयांची फसवणूक झाली. लेथचे २,८५,०००, त्याच व्यापाऱ्याने गळ्यात मारलेल्या मायक्रोमीटर (सूक्ष्म जाडी मोजणारे साधन) आणि डायलच्या (बारीक हालचाल काट्यावर दाखवणाऱ्या मापकाच्या) संचाचे ४१,३००, आणि वाहतूक व क्रेनचे १८,५००. जुन्या यंत्रांच्या बाजारात पुट्टी, रंग आणि ‘बंद कारखान्यातला माल’ कसा खपवतात हे सर्वांनाच ठाऊक असते. मलाही होते. त्यामुळे फसणारा अडाणीच असतो असे ज्यांना वाटते, त्यांनी हे अवश्य वाचावे.

यंत्राची निवड मी डोळे मिटून केली नव्हती. या कामात बंदुकीची नळी स्पिंडलमधून, म्हणजे यंत्राच्या फिरत्या पोकळ दांड्यातून, आरपार जावी लागते आणि हेडस्टॉकच्या (स्पिंडल धरणाऱ्या पेटीच्या) मागच्या टोकालाही चार स्क्रूंच्या आधाराने तिला मध्यावर आणता आले पाहिजे. म्हणून स्पिंडलचे भोक पुरेसे मोठे आणि हेडस्टॉक आखूड हवा, हे मी आधीच कळवले होते. ही दोन्ही मापे त्याने खरी सांगितली, आणि त्यामुळेच बाकीच्या बोलण्यावर माझा विश्वास बसला. यंत्र परराज्यातील गोदामात होते, दुसरे गिऱ्हाईक टोकन घेऊन उभे असल्याचा धोशा चालू होता, आणि मागितले ते सर्व व्हिडिओ तो तासाभरात पाठवत होता. अशा वेळी कोणीही माझ्यासारखेच वागला असता.

खटकायला हवे होते ते एका व्हिडिओत. स्पिंडलचा रनआउट, म्हणजे फिरताना तो मध्यापासून किती हलतो ते, दाखवण्यासाठी त्याने डायल लावून चक (काम पकडणारा फिरता भाग) हाताने फिरवला आणि काटा शून्यावरून तसूभरही हलला नाही. मी खूश झालो! शतांश मिलिमीटरचा डायल फिरत्या चकावर खरोखर टेकलेला असेल, तर काटा थोडासा तरी थरथरतो. चांगल्या यंत्रावरही थरथरतो. तो मेल्यासारखा स्थिर होता, कारण डायलचे टोक चकाला टेकलेच नव्हते. त्याच व्हिडिओत कॅरेज (कातायचे हत्यार घेऊन सरकणारा भाग) फक्त चकाजवळच्या वीतभर जागेत पुढे-मागे होत होते. टेलस्टॉकपर्यंत, म्हणजे यंत्राच्या दुसऱ्या टोकापर्यंत, नेऊन दाखवा, एवढे एक वाक्य मी लिहिले असते तर २,८५,००० रुपये वाचले असते.

यंत्र आल्यावर कॅरेज बेडच्या (ज्यावर ते सरकते त्या लांब पायाच्या) मध्यापलीकडे जाताच अडकू लागले. झिजलेल्या भागावर गिब (फट भरून काढणारी पट्टी) घट्ट आवळून ढिलाई लपवली होती, आणि बेडवरची सुंदर स्क्रेपिंगची (धातू खरवडून उमटणारी) नक्षी झीज झाकण्यासाठी नुकतीच उमटवलेली होती. २०० मिमी लांबीचा गज कातला, तर दोन टोकांच्या व्यासात ०.१४ मिमी फरक आला. ‘तुमचे लेव्हलिंग चुकले’, हे व्यापाऱ्याचे उत्तर. लेव्हल पुन्हा लावली. बेडला पीळ असता तर फरक लांबीभर हळूहळू वाढत गेला असता. इथे तो चकाजवळच्या भागातच एकदम वाढत होता. मायक्रोमीटरवर नामांकित कंपनीचे नाव होते, पण अक्षरांची छपाई नखाने निघाली. जबडे मिटल्यावर शून्य अचूक आणि २५ मिमीच्या स्लिप गेजवर (अचूक मापाच्या ठोकळ्यावर) ०.०३ मिमीची चूक! शून्य पाहून मायक्रोमीटर घेऊ नका. गेज सोबत न्या.

यापुढचा मनस्ताप पैशांपेक्षा मोठा आहे. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर सांगण्यात आले की माल मिळाला आहे, म्हणजे हा व्यवहारातील वाद आहे. पोलीस ठाण्यात ‘दिवाणी प्रकरण आहे’ असे म्हणत अर्ज बाजूला सारला. मी भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीविषयीच्या कलम ३१८ चा उल्लेख करताच, बंदुकीसाठी लेथ कशाला लागतो, अशी माझीच उलटतपासणी सुरू झाली. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार दुरुस्तीलाही परवाना लागतो आणि तो माझ्याकडे आहे. तो दाखवल्यावर त्याची छायाप्रत ठेवून घेतली, तक्रार मात्र घेतली नाही. ठगाला कोणी एक फोनही केला नाही आणि मी मात्र संशयित ठरलो! ग्राहक आयोगाच्या कार्यालयात खिडकीवरच्या माणसाने ‘व्यावसायिक खरेदी’ म्हणून हात झटकले. स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यावसायिक वापरात मोडत नाही, हे त्याला मी समजावून सांगायचे! शेवटी तक्रार दाखल झाली, तर बिल मागितले. बिल हवे असल्यास १८ टक्के जास्त, असे व्यापारी म्हणाला होता, आणि ५१,३०० रुपये वाचवायला कोण तयार होत नाही? तरी सांगतो, पक्के बिल घ्याच, आणि त्यावर यंत्राचा अनुक्रमांक लिहून घ्या.

बेड ग्राइंडिंगसाठी ९२,००० रुपयांचा अंदाज आला आहे आणि सॅडल (कॅरेजचा बेडवर टेकणारा भाग) पुन्हा बसवण्याचा खर्च त्यात धरलेला नाही. व्यापाऱ्याने माझा क्रमांक ब्लॉक केला आहे, मात्र त्याच्या नव्या जाहिरातीत ताज्या हिरव्या रंगाचा दुसरा लेथ ‘अर्जंट’ विक्रीला आहे. कोणी चौकशी करणार असेल तर टोकन देण्यापूर्वी स्वतःचा डायल घेऊन गोदामात उभे राहा, आणि वीज नसल्याची सबब ऐकली तर तिथूनच परत फिरा.