पॅकेजिंगच्या कचऱ्यापासून आर्ट, वर्कशॉप करून आले त्याबद्दल

बाटलीला रंग फासून पेनस्टँड करायला लावतात तसलं हे वर्कशॉप नाहीये आणि म्हणूनच मला खूप आवडलं. आधीच सांगितलेलं की घरात साठलेली पाकिटं, खोके, बाटल्या, झाकणं धुवून आणा, नवीन काहीही विकत घेऊ नका. आणि गेल्यावर लगेच बनवायला बसवत नाहीत, आधी नुसतं वर्गीकरण, बाटल्यांच्या बुडाशी त्रिकोणात प्लास्टिकचा प्रकार सांगणारा १ ते ७ मधला आकडा असतो तो बघून ढीग करायचे. मग ज्यूसचा भिजवलेला खोका सोलायला दिला. कागद, प्लास्टिक, अ‍ॅल्युमिनियम, सगळं एकमेकांना इतकं घट्ट चिकटलेलं की नखं दुखली. वेफर्सच्या पाकिटाचं तर त्याहून वाईट, आतली चंदेरी चमक म्हणजे प्लास्टिकवर चढवलेला अ‍ॅल्युमिनियमचा अगदी पातळ थर, तो हाताने सुटतच नाही. ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेच्या २०२२ च्या रिपोर्टप्रमाणे जगातल्या प्लास्टिक कचऱ्यापैकी जेमतेम ९ टक्के रिसायकल होतो आणि ४० टक्के कचरा पॅकेजिंगचाच असतो. हे आकडे मी आधी वाचलेले, पण त्यामागचं एक कारण त्या दिवशी बोटांना कळलं.

मधे क्रिस जॉर्डन या अमेरिकन फोटोग्राफरचे फोटो दाखवले, २००९ पासून पॅसिफिक महासागरातल्या मिडवे बेटांवर काढलेले. अल्बट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्याची मेलेली पिल्लं आणि त्यांच्या पोटात झाकणं, लायटर, तुकडे, आईबापांनीच समुद्रातून आणून भरवलेले. तीच लाल-निळी झाकणं आमच्या टेबलावर होती. त्यानंतर कुणालाच फुलंबिलं करावीशी वाटली नाहीत, आमच्या ग्रुपने सोललेले थर तसेच एकाखाली एक टांगले आणि बघणाऱ्याला लगेच समजतं काय आहे ते.

एकच गोष्ट खूप खटकली. शेवटी ग्लू गन आणि वरून चकचकीत रेझिनचा कोट. अहो ग्लू स्टिक पण प्लास्टिकच आहे, रेझिन पण, एवढं वेगळं केलेलं परत कायमचं चिकटवून टाकायचं आणि मग ते रिसायकलिंगला कोण घेणार? विचारलं तर म्हणाले त्याशिवाय टिकत नाही. दोऱ्याने शिवता येतं, खाचा पाडून अडकवता येतं, खळ वापरता येते, आमचं दोऱ्यावरच उभं राहिलं ना. आणि असली पाकिटं बनवणाऱ्या कंपन्यांच्या जबाबदारीवर चर्चा अगदी घाईत उरकली, तिला नीट वेळ द्यायला हवा होता.

तरी जा, थोड्या मोठ्या मुलांना घेऊन जा, पिल्लांचे फोटो लहानांना झेपणार नाहीत. सुई-दोरा घरून न्या आणि रेझिनला सरळ नाही म्हणा, जबरदस्ती करत नाहीत.