२५६ जीबीच्या लॅपटॉपवर येताना : केसिंगमधली जुनी डिस्क की क्लाउड?

विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि माझा जुना लॅपटॉप विंडोज ११च्या अटींत बसत नव्हता, म्हणून लग्नसराईच्या तोंडावर मी नवा घेतला. जुन्यात १ टीबीची हार्ड डिस्क होती. नव्यात २५६ जीबीची एसएसडी आहे, जी विंडोजच्या मोजणीत २३८ जीबीच भरते. यवतमाळ जिल्ह्यातील एका गावात मी लग्नाचे फोटो काढतो आणि माझ्याकडे सुमारे ४०० जीबी फोटो साठलेले आहेत. जुनी डिस्क काढून यूएसबी केसिंगमध्ये, म्हणजे केबलने लॅपटॉपला जोडता येणाऱ्या डबीत, बसवणे आणि फोटो क्लाउडवर चढवणे, हे दोन्ही मार्ग मी वापरून पाहिले.

क्लाउडचे गुण मी नाकारत नाही. पुण्याला किंवा नागपूरला असलेल्या ग्राहकाला एक लिंक पाठवली की काम होते, आणि घरात चोरी झाली तरी फोटो सुरक्षित राहतात. अडचण ते वर चढवण्यात आहे. १० एमबीपीएसचा अपलोड वेग कोठेही खंड न पडता मिळाला, तरी ४०० जीबींना जवळपास ८९ तास लागतात. आमच्याकडे सलग चार तास वीज आणि नेटवर्क दोन्ही टिकले, तरी तो दिवस चांगला म्हणायचा. त्यामुळे मी एकाच हंगामाचे फोटो चढवले आणि लॅपटॉपवरची जागा मोकळी करण्याचा पर्याय निवडला.

त्याच पर्यायाने माझा निर्णय केला. त्यात फाइलचे नाव फोल्डरमध्ये नेहमीसारखे दिसते, शेजारी ढगाचे लहानसे चिन्ह असते, प्रत्यक्ष फाइल मात्र लॅपटॉपवर नसते. अवकाळी पावसाच्या एका दुपारी शेजारच्या गावातील एक मुलगा वडिलांचा फोटो मागायला आला. दुसऱ्या दिवशी तेरवी होती आणि वडिलांचा नीट आलेला एकमेव फोटो बहिणीच्या लग्नात मी काढलेला होता. वीज गेलेली होती आणि थोड्या वेळाने टॉवरही बंद पडला. लॅपटॉपला बॅटरी होती, फाइलचे नाव आम्हा दोघांना पडद्यावर दिसत होते, पण फोटो उघडत नव्हता. तो तासभर थांबला आणि रिकाम्या हाताने परत गेला. फोटो रात्री उशिरा मिळाला व पहाटे मी तो स्वतः नेऊन दिला, पण माझ्याच कामाचा फोटो मला देता येऊ नये, ही गोष्ट मनातून जात नाही.

केसिंगमधील डिस्कचेही त्रास आहेत. केबल सैल झाली की कॉपी मध्येच तुटते, आणि चालू असताना धक्का लागलेली डिस्क पुन्हा चालेलच याची खात्री नसते. लाइटरूम हे फोटो-संपादनाचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी त्याचा कॅटलॉग, म्हणजे फोटोंची नोंदवही, एसएसडीवर ठेवावा, फोटो डिस्कवर ठेवावेत आणि विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन डिस्कला एक ठरावीक ड्राइव्ह अक्षर (उदा. E:) द्यावे. ते बदलले की सारे फोटो हरवल्यासारखे दिसतात आणि ऐन घाईत जीव घाबरतो. चालू हंगामाचे काम मी एसएसडीवरच करतो व पन्नासेक जीबी नेहमी मोकळी ठेवतो. त्याहून कमी जागा उरली की माझा लॅपटॉप संथ झालेला मला जाणवतो.

ज्यांच्या घरी फायबर आहे आणि इन्व्हर्टरवर राउटर चालतो, त्यांना क्लाउड कदाचित अधिक सोयीचा वाटेल. तेथेही एक काळजी घ्यावी : सिंक, म्हणजे लॅपटॉप आणि क्लाउडवरच्या फाइली आपोआप सारख्या ठेवणे, हा बॅकअप नव्हे. एका ठिकाणी पुसलेली फाइल सगळीकडून पुसली जाते आणि गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ती ३० दिवसच राहते. माझ्यासारख्या खेड्यातील माणसाला मात्र मी आधी केसिंग घ्यावे असेच सुचवेन आणि क्लाउडवर फक्त निवडक अल्बम ठेवावेत असे म्हणेन. जुनी डिस्क कधीतरी दगा देणारच, म्हणून माझा पुढचा खर्च दुसऱ्या डिस्कचा आहे. ती प्रत घरात न ठेवता तालुक्याला बहिणीकडे ठेवायची, हे तिच्याशी बोलून ठरले आहे.