गच्चीचं रेलिंग: ३०४ की ३१६?

३०४ आणि ३१६ हे स्टेनलेस स्टीलचे दोन ग्रेड. पुण्या-नाशकात ३०४ बिनधास्त घ्या. ३१६ चे जादा पैसे तिथं वाया. मालवण-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर मात्र हिशेब उलटतो. क्रोमियम दोन्हींत १६ ते २० टक्क्यांच्या दरम्यान, पण ३१६ मध्ये दोनेक टक्के मॉलिब्डेनम असतं आणि खाऱ्या वाऱ्यातल्या क्लोराइडपुढे तेच टिकाव धरतं.

आयुष्याचा अंदाज बांधताना पाइप वर्षाला किती झिजेल हे विचारू नका. स्टेनलेस सरसकट झिजत नाही, ठिपक्याठिपक्यांनी आत पोखरलं जातं. म्हणूनच छपराखालचा, पावसानं न धुतला जाणारा आणि म्हणून मीठ साचून राहणारा भाग आधी डागाळतो. न्यूयॉर्कच्या क्रायस्लर बिल्डिंगचा १९३० चा माथा ३०४ च्याच जातकुळीतला, तरी शाबूत; पाऊस तो धुऊन काढतो.

वेल्डिंगचा काळपट पट्टा तसाच सोडणारा फॅब्रिकेटर असेल, तर ३१६ सुद्धा जोडावर लवकर गंजेल.