ईसीएम उडाला म्हणाले, ४६,८०० घेतले आणि आमचाच डबा परत बसवला

४६,८०० रुपये. ईसीएमचे (म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या डब्याचे) ३८,५००, प्रोग्रॅमिंगचे ५,०००, स्कॅनिंगचे ८००, मजुरी २,५००. त्यातले २५,००० यूपीआयने आगाऊ घेतले आणि उरलेले २१,८०० रोख, कारण ‘रोख दिलेत तर जीएसटी वाचेल’. हातात पडलं कच्चं बिल. त्यावर ना पार्ट नंबर, ना सिरियल नंबर. गाडी कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणारी) डिझेल पिकअप, नारायणगावच्या बाजूला रस्त्यात बंद पडलेली, मागे टोमॅटोचे क्रेट. माल बाजारात उशिरा पोचला की भाव पडतो हे गॅरेजवाल्याला आमच्याइतकंच ठाऊक होतं. अशा वेळी चार गॅरेजं फिरून भाव काढणं कुणालाच जमत नाही, आणि हे लोक नेमकी तीच वेळ पकडतात.

स्कॅनर लावला तेव्हा रेल प्रेशर (त्या नळीतला दाब), बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) आणि अ‍ॅक्सिलरेटर पेडल, असे तीन सेन्सरचे कोड एकदम आले. सोबत पी ०६४२. ‘तीन सेन्सर एकाच वेळी जातील का? म्हणजे ईसीएमच गेला.’ हे ऐकायला पटतं, म्हणूनच ते सांगितलं जातं. पण पी ०६४२ म्हणजे सेन्सरना जाणारा ५ व्होल्टचा पुरवठा खाली आलाय. बऱ्याच गाड्यांत दोन-तीन सेन्सर एकाच ५ व्होल्टच्या वायरीवर असतात. त्यातला एक शॉर्ट झाला किंवा वायर कुठे घासून बॉडीला लागली की सगळे एकदम बोंबलतात. रेल प्रेशर कळेनासं झालं की सेल्फ मारतो, इंजिन धरत नाही.

याची तपासणी साध्या मल्टीमीटरवर होते. चावी ऑन ठेवून सेन्सरच्या कपलरवर (वायर जोडायच्या प्लगवर) ५ व्होल्ट मोजा. नसतील तर त्या लाइनीवरचे सेन्सर एकेक करून काढा. ज्याचा कपलर काढल्यावर ५ व्होल्ट परत आले, तो सेन्सर बिघडलाय. सगळे काढूनही येत नसतील तर बॅटरीची निगेटिव्ह काढा, ईसीएमचा कपलर सोडवा आणि ती वायर बॉडीशी जोडली गेलीय का ते बघा. जोडलेली निघाली तर दोष हार्नेसचा, म्हणजे वायरींच्या जुडग्याचा. जोडलेली नसेल, तरच ईसीएमवर संशय घ्यायचा. त्याआधी बॅटरी (बंद गाडीत सुमारे १२.६ व्होल्ट), मेन रिले आणि अर्थिंग. अर्थिंगला मल्टीमीटरची नुसती बीप ऐकून समाधान मानू नका. वायरीची एक तार शिल्लक असली तरी बीप वाजते. चावी ऑन असताना ईसीएमची अर्थ पिन आणि बॅटरीची निगेटिव्ह यांच्यामध्ये व्होल्टेज मोजा. ०.१ च्या वर गेलं तर तिथे गंज किंवा ढिला बोल्ट आहे. यातलं एकही मोजमाप आमच्यासमोर झालं नाही.

आणि आता ती गोष्ट, जिच्यामुळे अजून अंगाची आग होते. चोरी तिथेच उघडी पडली होती. खरा नवा ईसीएम कोरा येतो. चोरी रोखणाऱ्या इमोबिलायझरच्या गाडीत तो बसवला की चावी मॅच केल्याशिवाय इंजिन चालत नाही. बहुतेक कॉमन रेलला प्रत्येक इंजेक्टरवर छापलेला कोड वाचून तो ईसीएममध्ये भरावा लागतो, त्यासाठी सहसा इंजिनावरचं कव्हर काढावं लागतं. इथे कव्हर निघालं नाही, दुसरी चावी कुणी मागितली नाही. जुनी चावी फिरवली आणि पहिल्या सेल्फला गाडी सुरू! रात्री, माल खोळंबलेला असताना, सुरू झालेल्या इंजिनाचा आवाज ऐकून कोण शंका घेईल? ‘जुन्याचा डेटा क्लोन केला’, म्हणजे जसाच्या तसा उतरवला, असं उत्तर मिळेल. क्लोन होतो, हे खरं. पण सहसा जुन्या, वापरलेल्या डब्यावर होतो. मग नव्याचे ३८,५०० कशाचे?

पावसात बिघाड परत आला. दुसऱ्या इलेक्ट्रिशियनने इनटेकखालचा हार्नेस उघडला. ब्रॅकेटला घासलेली वायर, तिच्यावर नवी कोरी टेप. म्हणजे खरा दोष त्यांना सापडला होता! वायर जोडून, स्लीव्ह घालून, क्लिपने बांधून ६५० रुपये झाले. स्कॅनरने ईसीएमची आतली ओळख वाचली, तर सिरियल नंबर जुन्या सर्व्हिसच्या स्कॅन रिपोर्टमधलाच. नवं होतं फक्त वरचं लेबल.

पोलीस ठाण्यात ऐकलं, ‘ही दिवाणी बाब आहे.’ फसवून पैसे घेणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये बसतं, हे दाखवल्यावर साधा अर्ज घेतला आणि पोच द्यायलाही कुरकुर केली. परिवहन कार्यालयात सांगितलं, खासगी गॅरेज आमच्या अखत्यारीत येत नाही. अधिकृत वर्कशॉपमध्ये तोंडी मान्य केलं की डबा जुनाच आहे, पण लेखी द्यायला नकार, ‘आम्ही त्यात पडत नाही.’ लेखी नाही म्हणून पोलीस हलत नाहीत, आणि पोलिसांचं पत्र नाही म्हणून वर्कशॉप लेखी देत नाही. ज्याचे पैसे गेले त्यानेच पुरावा गोळा करायचा, त्यानेच कायदा वाचून दाखवायचा, तर या खुर्च्या कशासाठी आहेत?

गाडी सोडण्याआधी ईसीएमच्या लेबलचा फोटो काढा, डब्यावर आणि स्क्रूवर रंगाची खूण करा. ‘जुना डबा जमा’ ही अट असेल तर त्याचा सिरियल नंबर बिलावर लिहून घ्या, नाहीतर डबा घरी आणा. आधीचा आणि नंतरचा स्कॅन रिपोर्ट छापून मागा. ईसीएम खरंच उडाला असेल तर का उडाला ते विचारा: शॉर्ट इंजेक्टर, ओव्हरचार्ज करणारा अल्टरनेटर, बॅटरी न काढता केलेलं वेल्डिंग, कपलरमध्ये गेलेलं पाणी. कारण न काढता बसवलेला नवाही उडतो.

रोख देऊ नका. आमची रोख दिलेली रक्कम सिद्ध करायला फक्त कच्चं बिल आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रार शुल्क नाही, मुदत २ वर्षं, तक्रार ई-जागृती पोर्टलवर (आधीचं ई-दाखिल) ऑनलाइन करता येते. आमची तिथे चाललीय.